पिकअपला नवे नाक कशाला?

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांची भाजीपाला वाहणारी डिझेल पिकअप आहे, बँकेचे हप्ते अजून चालू आहेत आणि गाडी आता थोरल्या मुलाच्या हाती आली आहे. त्याच्या डोक्यात एकच वेड! कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा काढून टाकायचा आणि त्या जागी चकचकीत नळी व लाल शंकूसारखा उघडा फिल्टर बसवायचा. दुकानदार सांगतो, ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढेल, शिवाय फिल्टर वर्षानुवर्षे धुऊन वापरता येईल. खर्च मात्र जवळजवळ एका हप्त्याइतका. ‘बसवू द्यावे का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर, नको. पण विशीतल्या मुलाला नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, कारणे द्यावी लागतात. तेव्हा पुढचा मजकूर त्याच्याच हाती द्यावा.

हे खूळ मुळात अमेरिकेतले. तिथे पिकअप म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या पेट्रोल इंजिनाची, हौसेने मिरवायची गाडी. तेलात भिजवलेल्या सुती जाळीचे फिल्टर विकणारी ‘के अँड एन’ ही प्रसिद्ध कंपनी १९६९ सालची, कॅलिफोर्नियातली. शर्यतीत या फिल्टरांना अर्थ आहे. पेट्रोल इंजिनात आपण पायाने जे दाबतो, त्याने खरे तर हवेचा दरवाजा उघडतो. तो पूर्ण उघडून गाडी पळवताना वाटेतला अडथळा कमी झाला, तर एखाद-दुसरा हॉर्सपॉवर वाढतो, आणि शर्यतीत तेवढ्यावर निकाल फिरतो. पण शर्यतीचे इंजिन तसेही वरचेवर खोलले जाते. तुमच्या पिकअपचे इंजिन मात्र लाखो किलोमीटर न खोलता चालले पाहिजे, तरच धंदा परवडतो.

डिझेलचा कारभारच निराळा. इथे ताकद ठरते ती किती डिझेल फवारले त्यावर. हवा साधारणपणे गरजेपेक्षा जास्तच आत येत असते. टर्बो ती दाबून भरतो. आजच्या गाड्यांत डिझेल किती सोडायचे आणि टर्बोने दाब किती द्यायचा, हे सारे गाडीतला संगणक ठरवतो. बाहेरची नळी रुंद केली म्हणून तो जास्त डिझेल सोडत नाही. पंगतीला वाढपी तोच आणि वाढणे तेवढेच असेल, तर ताट मोठे घेऊन काय उपयोग?

ॲव्हरेजचेही तेच. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाच्या ताब्यातल्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले, तरी इंधनाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गाडी वेग घ्यायला तेवढी सुस्त झाली. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत मात्र फरक दिसला. आता, फिल्टर तुंबवूनही ॲव्हरेज ढळत नसेल, तर तो जास्त मोकळा करून वाढणार कसे?

मग बसवणारे शपथेवर सांगतात की गाडी पळते, ते खोटे का? खोटे नव्हे, पण कानाचे आहे. कंपनीचा डबा हवा ओढण्याचा आवाज दाबतो. तो काढला की पाय दाबताच ‘हुस्स’ असा दमदार आवाज येतो आणि चालवणाऱ्याची छाती फुगते. (गंमत अशी की आपल्याकडे गाडीलाही पिकअप म्हणतात आणि तिच्या झेपेलाही. त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ ही तक्रार कुठल्याही गॅरेजात ऐकू येते.)

आता खरी काळजीची गोष्ट. अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी चालले, तर टर्बोचा दाब न धरताही मिनिटाला अडीच हजार लिटर हवा ओढते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी अडीच वेळा भरेल, इतकी! शेतापासून बाजार समितीपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर, पुढच्या ट्रकच्या धुरळ्यात, त्या हवेबरोबर काय काय येत असेल याचा विचार करा. त्या धुळीत बारीक वाळू असते आणि वाळू इंजिनाच्या लोखंडापेक्षा कठीण. ती आत गेली की टर्बोची पाती झिजतात, पिस्टन रिंग आणि बोअर घासले जातात, इंजिन ऑइल खाऊ लागते. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच फसायला होते. वर्ष-दोन वर्षांनी इंजिन खोलायची पाळी येते, तेव्हा त्या लाल शंकूची आठवणही कुणाला राहत नाही.

सुती फिल्टरने धूळ रोखली जाते ती मुख्यतः त्यावरच्या तेलाने. धुऊन तेल कमी लावले तर धूळ आत. जास्त लावले तर तेलाचे कण पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर बसतात आणि इंजिनाची बत्ती लागते. आयुष्यभर धुऊन वापरायची सोय ती हीच. शिवाय बॉनेटखाली उघडा ठेवलेला शंकू इंजिनाचीच गरम हवा ओढतो. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते. पुढे इंटरकूलर असला तर तो थोडे भरून काढतो, पण थंड हवेसाठी पैसे मोजून गरम हवा विकत घ्यायची, हा कुठला व्यवहार?

चिरंजीवांना गाडी खरोखरच ओढत नाही असे वाटत असेल, तर आधी साधी तपासणी करावी. डिझेल फिल्टर केव्हा बदलला? टर्बोच्या होजपाइपला चीर नाही ना, क्लिप सैल नाहीत ना? चढावर क्लच घसरतो का, एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो का, टायरांत हवा किती आहे? आणि १.७ टनांच्या गाडीत अडीच टन माल घालत असाल, तर कोणत्याही फिल्टरला दोष देऊ नये.

कंपनीचा कागदी फिल्टर शेकड्यांत येतो. तो पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर बदलावा, धुळीच्या वाटेवर त्याहून लवकर. रोज काढून जोराने हवा मारण्याची काही मिस्त्रींना सवय असते. त्याने कागद फाटतो आणि बारीक भोकातून धूळ थेट आत जाते. फिल्टर थोडा मळला की उलट जास्त बारीक धूळ पकडतो, म्हणून नुसता काळा दिसला की घाबरू नये. डब्याच्या झाकणाचे रबर मात्र नीट बसले आहे ना, हे दर वेळी पाहावे.

वॉरंटी शिल्लक असेल तर आणखी एक धोका. इंजिनात बिघाड झाला की बाहेरची नळी पाहून कंपनी हात वर करू शकते. कायद्याचेही भान ठेवावे. मूळ बनावटीशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, वा दोन्ही, अशी तरतूद आली. नुसत्या फिल्टरसाठी कोणी तुरुंगात जाणार नाही. पण पत्रा कापून नळी बाहेर काढली, तर पासिंगच्या वेळी आरटीओत प्रश्न निघणारच.

छपराच्या उंचीपर्यंत नेलेली नळी, म्हणजे स्नॉर्केल, नदी-नाले ओलांडणाऱ्यांना उपयोगी पडते, हे खरे. पण तिने ताकद वाढत नाही, तिचा उपयोग पाण्यापुरता. याउलट काही नळ्या थंड हवेसाठी खाली बंपरजवळ नेतात, त्या पावसाळ्यात घातक. पाणी दाबले जात नाही; एक घोट आत गेला तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या पुरात पाण्याने किती गाड्यांची इंजिने गेली, ते तिथल्या गॅरेजवाल्यांना विचारावे. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा चावी फिरवू नये. ओढून कोरड्यात आणावी, एअर फिल्टरचा डबा उघडावा, आणि आतला कागद ओला लागला तर मिस्त्री येईपर्यंत सेल्फला हात लावू नये.