उचलून नेण्याचा परोपकार

आमच्या महाराष्ट्रांत परिषदा, संमेलनें व व्याख्यानमाला यांचा तोटा कधींच पडला नाहीं. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या खटपटीनें १८७८ सालीं पुण्यास ग्रंथकारांचें पहिलें संमेलन भरलें. तेव्हांपासून चार माणसांनीं एकत्र जमावें, एकानें बोलावें व इतरांनीं ऐकावें, ही जी आवड आम्हां लोकांस जडली ती अद्याप सुटलेली नाहीं, आणि ती सुटूंही नये. अशा प्रत्येक मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेवर शेवटीं एक ओळ ठरलेली असते : ‘सर्वांस आग्रहाचें आमंत्रण.’ ह्या ‘सर्वांस’ शब्दाचा अर्थ काय, हें आज आम्हांस विचारावयाचें आहे. अपघातांत मानेचा किंवा पाठीचा मणका मोडून मज्जारज्जू दुखावल्यामुळें ज्यांचे पाय, अथवा हात व पाय दोन्हीही, लुळे पडले आहेत, किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यांत खंड पडून ज्यांचें अर्धें अंग गेलें आहे, अशा माणसांच्या घरींही ही पत्रिका जाते. ती वाचतांना त्यांच्या डोळ्यांपुढें व्याख्याता उभा राहत नाहीं. सभागृहाच्या दारांतल्या पायऱ्या उभ्या राहतात.

ही गोष्ट एखाद्या स्वागतसमितीच्या कानावर घातली, तर तिचें उत्तर तयार असतें, आणि आमचें भांडण आहे तें त्या उत्तराशीं. ‘‘त्यांत काय एवढें ? आमचे चार स्वयंसेवक धट्टेकट्टे आहेत. ते खुर्चीसकट उचलून आंत नेऊन बसवतील !’’ हें बोलणाराची मुद्रा नेहमीं प्रसन्न असते. कारण आपण एक पुण्य पदरांत पाडून घेत आहों, अशी त्याची अगदीं प्रामाणिक समजूत असते. दुष्टपणाशीं भांडणें त्या मानानें सोपें. असल्या भलेपणाशीं भांडावयाचें म्हणजे कृतघ्नतेचा आरोप अंगावर घ्यावा लागतो. तो घेण्यास आम्ही तयार आहों.

उचलून नेणें म्हणजे काय, तें एकदां नीट पाहूं. ज्याच्या कमरेखालची संवेदना नष्ट झाली आहे, त्याचा पाय चाकांत अडकला किंवा घोटा पायरीच्या कडेला घासला, तरी त्यास तें समजत नाहीं. घरीं गेल्यावर कपड्यास रक्त लागलेलें दिसतें, आणि तसली जखम भरून येण्यास कित्येक आठवडे, प्रसंगीं महिनेही लागतात. चाकाच्या खुर्चीचे हात पुष्कळदां काढतां घालतां येण्याजोगे असतात. उत्साही स्वयंसेवक नेमके तेच धरून ओढतो, आणि मग खुर्चीचा हात त्याच्या हातांत व माणूस फरशीवर, अशी अवस्था होते. विजेवर चालणारी खुर्ची असेल, तर तिचें वजन तिच्यावर बसलेल्या माणसाहूनही अधिक असूं शकतें.

पण समजा, सर्व सुखरूप पार पडलें. तरी जो मनुष्य व्याख्यान ऐकावयास आला होता तोच त्या घटकेचा तमाशा होतो. सभागृहांतील सर्व माना त्याच्याकडे वळतात आणि कांहीं माना हळहळून हलतातही. ती व्यक्ति स्त्री असेल, तर चार परक्या पुरुषांनीं तिला उचलण्याचा प्रसंग काय असतो, हें आमच्या वाचक भगिनींस आम्हीं सांगावयास नको. शिवाय आंत नेलेल्या माणसाला बाहेरही यावयाचें असतें ! व्याख्यान रटाळ झालें म्हणजे हळूच उठून जाण्याचा जो मूलभूत हक्क महाराष्ट्रांतील श्रोता पिढ्यान् पिढ्या बजावीत आला आहे, तो ह्या एकट्या श्रोत्यास नसतो. कारण त्याचे चारही वाहक तोपर्यंत चहाला गेलेले असतात.

२०२३ सालीं मुंबईंत एका तरुण वधूस स्वतःच्या विवाहाच्या नोंदणीसाठीं दुसऱ्या मजल्यावरच्या सरकारी कचेरींत असेंच उचलून न्यावें लागलें, कारण तेथें लिफ्ट नव्हती. प्रकरण वृत्तपत्रांत गाजलें आणि उपमुख्यमंत्र्यांनीं दिलगिरीही दर्शविली. आपल्या लग्नाच्या दिवशीं आपण पडूं कीं काय, ही धास्ती ज्या वधूस वाटली, तिला दिलगिरीचा उपयोग कितपत झाला असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

हा दोष आमच्या एकट्याचाच आहे असें मात्र नव्हे. २०२१ च्या नोव्हेंबरांत स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं हवामानबदलाविषयीं राष्ट्रसंघाची जी मोठी परिषद भरली, तिच्या वेळीं इस्राएलच्या ऊर्जामंत्री करीन एल्हरार यांस चाकाच्या खुर्चीमुळें आंत प्रवेश करतां आला नाहीं व परत फिरावें लागलें. ब्रिटनच्या पंतप्रधानांनीं त्यांची क्षमा मागितली. एका मंत्र्याची ही गत, तर आमच्या गांवच्या निवृत्त शिक्षकाची काय कथा ?

पायऱ्यांचा प्रश्न मिटला म्हणजे सारें मिटलें, असेंही कोणी समजूं नये. सभ्य मासिकांतून ज्या विषयाचा उच्चार करूं नये असा संकेत आहे, तोच येथें मुख्य असल्यामुळें आम्ही तो संकेत मोडतों. तो विषय म्हणजे शौचालय. मज्जारज्जूची इजा मानेंत किंवा छातीच्या वरच्या भागांत असेल, तर अशा माणसाचें मूत्राशय तुंबल्याबरोबर त्याचा रक्तदाब एकाएकीं भयंकर चढूं शकतो. डोकें फुटेल असें दुखतें, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. आणि कारण वेळींच दूर झालें नाहीं तर मेंदूंत रक्तस्राव होऊन प्राणावरही बेततें. वैद्यकांत ह्यास ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. म्हणजे दोन फुटी दाराचें शौचालय ही आम्हांस केवळ गैरसोय दिसत असली, तरी ह्या माणसास तो धोका आहे. तो टाळण्यासाठीं यांपैकीं कित्येकजण बाहेर जावयाचें असल्यास सकाळपासून पाणीच पीत नाहींत, आणि मग मूत्रमार्गाचा विकार ओढवून घेतात. एका व्याख्यानासाठीं एवढी किंमत आम्हीं कोणीं कधीं दिली आहे काय ?

दुसरी गोष्ट उन्हाची. इजेच्या खालच्या भागास घाम येण्याची क्रिया मंदावलेली किंवा बंद पडलेली असते. त्यामुळें इतर माणसें वैशाखांतल्या पत्र्याच्या मंडपांत नुसतीं घामाघूम होतात, तेव्हां ह्या माणसाचें अंग तापासारखें तापूं लागतें. तिसरी गोष्ट बसण्याची. एका जागीं तासन् तास बसलें असतां आपण नकळत चाळवाचाळव करीत असतों. ज्याला दुखणेंच कळत नाहीं तो तसाच बसून राहतो आणि कातडी आंतून कुजूं लागते. म्हणून त्यास थोड्याथोड्या वेळानें अंगाचा भार हलवावा लागतो, आणि दिवसभराची बैठक असेल तर मध्येंच घटकाभर आडवें व्हावें लागतें. एक लहानशी खोली, तींत एक खाट आणि दाराला आंतून कडी, एवढ्यानें हें भागतें. आमच्या स्वागतसमित्या अध्यक्षांच्या विश्रांतीसाठीं खोली राखून ठेवीत नाहींत काय ? ठेवतात, आणि तींत नारळपाणीही ठेवतात.

दोन वर्षांपूर्वीं एका मोठ्या शहरांत ह्याच विषयावर, म्हणजे पक्षाघात झालेल्यांच्या प्रश्नांवर, भरलेल्या परिषदेस आम्ही हजर होतों. दारांत उतार केलेला होता. शौचालय प्रशस्त होतें. त्याबद्दल चालकांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. परंतु व्यासपीठ होतें तीन फूट उंच आणि त्यास पायऱ्या होत्या. वर आठ खुर्च्या मांडल्या होत्या व त्या आठही खुर्च्यांवर चालतीं फिरतीं माणसें बसलीं होतीं. वक्त्यांपैकीं ज्या एकाच बाई स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या, त्या खालूनच बोलल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्या तोंडापर्यंत आणण्यांत पांच मिनिटें गेलीं आणि तीं त्यांच्या वेळांतून कापण्यांत आलीं. त्या जें बोलल्या तें त्या दिवसांतलें सर्वांत मुद्देसूद भाषण होतें : चाकाच्या खुर्चीस खर्च किती येतो, सरकारी मदत किती मिळते, खुर्चीवरची गादी किती दिवसांत निकामी होते, आणि मदतनिसाचा पगार कोणत्या कमाईंतून द्यावयाचा. अध्यक्षांनीं समारोपांत त्यांच्या ‘दुर्दम्य जिद्दी’ची स्तुति केली, एक कविताही म्हटली. हिशेबाला उत्तर मिळालें नाहीं. ज्यांच्याविषयीं बोलावयाचें ते खालीं आणि बोलणारे वर, अशी मांडणी एकदां झाली कीं हिशेबाला उत्तर स्तुतीनेंच मिळावयाचें.

तीन फुटांच्या त्या व्यासपीठाला चाकाच्या खुर्चीनें चढावयाचें, तर उतार किती लांब हवा ? जितकी उंची त्याच्या बारापट लांबी, असें प्रमाण सर्वत्र धरतात. म्हणजे छत्तीस फूट. त्या सभागृहांत भिंतीच्या कडेनें तेवढी जागा होती. तेथें फुलांची कमान उभारलेली होती. आणि व्यासपीठ एक फुटाचेंच केलें असतें, तर बारा फुटांत काम भागलें असतें. पैशांची अडचण सांगणारांनीं कमानीचें बिल आधीं पाहावें.

ह्या लोकांस उचलावें लागतें ही समजूत मुळांतच किती शिळी आहे ! इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयांत डॉ. लुडविग गुटमन यांनीं २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनचें ऑलिंपिक ज्या दिवशीं सुरू झालें त्याच दिवशीं, लढाईंत जायबंदी झालेल्या सोळा स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून पंगु झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. कोल्हापूरच्या नसीमा हुरझुक यांनीं स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ सालीं अपंगांसाठीं संस्था उभी केली. त्यांचें ‘चाकाची खुर्ची’ हें आत्मचरित्र मराठी घरांतून वाचलें गेलें आहे. ज्यांच्या कपाटांत तें पुस्तक आहे, त्यांच्यापैकींच कोणीतरी स्वागतसमितीवरही असतात, हें आम्हांस विशेष खटकतें.

आणि अमेरिकेंतील ती गोष्ट तर प्रत्येक स्वयंसेवकास सांगण्यासारखी आहे. अपंगांच्या हक्कांचा कायदा तेथील प्रतिनिधिगृहांत रेंगाळत होता, तेव्हां १२ मार्च १९९० रोजीं कित्येक पंगु स्त्रीपुरुषांनीं आपल्या खुर्च्या व कुबड्या खालीं सोडल्या आणि वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या हातांवर, कोपरांवर सरपटत ते चढून गेले. त्यांत एक आठ वर्षांची मुलगीही होती. उचलून न्या, असें त्यांनीं कोणास म्हटलें नाहीं. ह्या पायऱ्या आहेत, एवढेंच त्यांनीं देशाला दाखविलें. जुलैंत कायदा झाला.

आमच्याकडेही कायदे आहेत. १९९५ चा होता, त्याच्या जागीं २०१६ चा आला. जुन्या सार्वजनिक इमारतींत फेरफार करण्यासाठीं त्यानें नियम निघाल्यापासून पांच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ सालीं निघाले, मुदत २०२२ सालीं सरली. सुगम्यतेचीं मानकें केवळ मार्गदर्शक राहूं देणारा नियम कायद्याशीं विसंगत आहे, तीं बंधनकारक करा, असें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयास बजवावें लागलें. मध्यंतरीं, २०१५ च्या अखेरीस, पंतप्रधानांनीं ‘विकलांग’ ऐवजीं ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला होता. तो मात्र कचेरींकचेरींतून केवढ्या त्वरेनें रूढ झाला! शब्द बदलण्यास गवंडी लागत नाहीं.

कोणी विचारील, अशीं माणसें सभेला येतात तरी किती ? येत नाहींत हें खरें. ज्या विहिरीला रहाटच नाहीं, तिचें पाणी कोणी नेत नाहीं म्हणून गांवाला तहान नाहीं, असें म्हणण्यापैकीं हा युक्तिवाद आहे. दुसरा आक्षेप अलीकडचा आहे : ‘‘आतां सर्व कार्यक्रम घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतात, मग दगदग कशाला ?’’ ज्यांना खरोखरच घराबाहेर पडतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं ती सोय जरूर असावी. पण हा सल्ला देणारे स्वतः मात्र सभेस जातात, मध्यंतरांत चहा घेतात, जुन्या मित्रांस भेटतात, पुस्तकांच्या दुकानांतून हिंडतात आणि रात्रीं उशिरां घरीं येऊन कार्यक्रम कसा झाला तें सांगतात. कोणास सांगतात ? पुष्कळदां, आंतल्या खोलींत कॉटवर असलेल्या आपल्याच वडिलांना. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले एखादे आजोबा, आत्याबाई किंवा काका नाहींत अशीं सुखवस्तु घरें आमच्या परिचयांत थोडींच आहेत. एके काळीं पुढच्या रांगेंत बसून टिपणें घेणारे हे गृहस्थ झटक्यानंतर कधींही सभेस गेले नाहींत, आणि ‘आतां त्यांना आवडत नाहीं’ असें घरांत सर्वांनीं ठरवून टाकलें आहे. त्यांना कोणीं विचारलें होतें ?

आमच्या वाचकांपैकीं बरेचजण कोणत्या ना कोणत्या समितीवर आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. पुढची पत्रिका छापखान्यांत धाडण्यापूर्वीं त्यांनीं एक मोजपट्टी घेऊन सभागृहांत जावें. दार नव्वद सेंटिमीटर मोकळें आहे कीं नाहीं, शौचालयांत खुर्ची वळण्यापुरती दीड मीटरची जागा आहे कीं नाहीं, आडवें होण्यास एखादी खोली मिळते कीं नाहीं, हें पाहावें. आणि मग व्यासपीठाची उंची मोजून तिला बारानें गुणावें. तेवढ्या लांबीचा उतार बसत नसेल, तर व्यासपीठ काढून टाकावें आणि अध्यक्षांची खुर्ची इतरांच्या खुर्च्यांबरोबर खालीं जमिनीवर मांडावी.