मनगटावरचा हिशेब

साताऱ्याचा माणूस फिरतो तो चढावर आणि सांगलीचा फिरतो तो सपाटीवर. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याची वाट धरणारे, यवतेश्वरच्या घाटाकडे वळणारे पुष्कळ. सांगलीकरांना कृष्णाकाठ, आमराई आणि हरिपूरचा रस्ता. पूर्वी फिरून झाल्यावर कट्ट्यावर पावसाच्या आणि पेन्शनच्या गप्पा होत. आता शर्टाची बाही वर सारून पहिला प्रश्न येतो, "आज किती झाली?" किती म्हणजे पावले. साताऱ्यात २०१२ पासून हिल मॅरेथॉन भरू लागली, तेव्हापासून ही हौस आणखी वाढली आहे. कुणाला मुलाने पुण्याहून पाठवलेला पट्टा असतो, कुणी पेन्शनमधून घेतलेला असतो. ज्यांच्याकडे नाही ते विचारतात, "घ्यायचा तर कुठला घ्यावा?"

बँकेत उमर घालवलेल्या माणसाला आकड्याची रक्कम पाहण्याआधी त्याची जात पाहायची सवय असते. काही आकडे मोजलेले असतात, काही अंदाजाचे असतात, तर काही नुसते छापलेले असतात. या पट्ट्यावर तिन्ही जातींचे आकडे एकाच पंक्तीत, एकाच झगमगाटात बसलेले असतात आणि खरी गफलत तिथेच होते.

पावले ही मोजलेली बाब. पट्ट्यातला संवेदक हाताचा हिसका ओळखतो आणि त्यावरून पाऊल धरतो. म्हणून भाकरी थापताना काही पावले फुकट जमा होतात, आणि हात सायकलच्या दांड्यावर असेल तर चाललेली पावलेही बुडतात. तरी सरळ चालण्यात हा आकडा बऱ्यापैकी खरा असतो. दिवसाला दहा हजार पावलांचा दंडक मात्र कुठल्या वैद्यकाने घातलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात एक पाऊलमोजणी यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी वयस्क स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळला, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. दहा हजार भरले नाहीत म्हणून रात्री दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणाऱ्या आजींनी हे ध्यानात ठेवावे.

नाडीचे ठोके हीदेखील मोजलेलीच बाब. पट्ट्याच्या पोटातला हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपतो. पट्टा सैल असेल किंवा बांगड्यांच्या गर्दीत सरकत असेल, तर तो चुकतो.

कॅलरी हा मात्र निव्वळ अंदाज. वय, वजन, उंची, हालचाल आणि नाडी यांवरून पट्टा तो बांधतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रे तपासली. त्यांतल्या सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सर्वांत बरे यंत्र सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के! सावळ्या त्वचेवर आणि स्थूल देहावर चूक अधिक होती, हे आपण विशेष लक्षात घ्यावे.

आता आपल्या दोन गावांचा हिशेब पाहा. सत्तर किलोचा माणूस सपाटीवर तासभर बेताने चालला, तर साधारण अडीचशे कॅलरी खर्च होतात. अजिंक्यतारा शहरापासून सुमारे तीनशे मीटर उंच. तेवढे वजन तेवढ्या उंचीवर नेण्यासाठीच शरीराला आणखी दोनशेच्या आसपास कॅलरी लागतात. पावलांचा आकडा दोन्हीकडे सारखा दिसला तरी कष्ट सारखे नसतात. उंची मोजण्याची सोय नसलेल्या स्वस्त पट्ट्याला चढ कळत नाही. नाडी वाढली एवढेच कळते. रक्तदाबासाठी नाडी मंद करणारी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांची नाडी तर चढावरही फारशी वाढत नाही. त्यांच्याबाबतीत तोही आधार लटका पडतो.

उलट बाजूही आहे. पट्ट्याने चारशे कॅलरी जमा दाखवल्या म्हणून सांगलीचे भडंग किंवा साताऱ्याचे चार कंदी पेढे जास्त खाल्ले आणि प्रत्यक्षात अडीचशेच खर्च झाल्या असतील, तर वजन वाढणारच. जमेची बाजू फुगवलेला ताळेबंद शेवटी कुणाला तरी भरून द्यावाच लागतो.

तिसरी जात सर्वांत घातक. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळे बाजारात मिळतात. अशा कोणत्याही घड्याळाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा कमी-जास्त करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. स्वस्त पट्ट्यावरच्या रक्तदाबाच्या आकड्यावरही गोळी बंद करू नये. छातीत दुखू लागले, तर घड्याळात नाडी ठीक दिसते म्हणून घरी बसून राहू नये. झटका ओळखणे हे त्याचे काम नव्हे.

मग घ्यावा कुठला? यवतेश्वरचा घाट धावणाऱ्याने स्वतःचे जीपीएस आणि उंचीमापक असलेले घड्याळ घ्यावे. बरेच स्वस्त पट्टे अंतरासाठी खिशातल्या फोनवर अवलंबून असतात. कृष्णाकाठी संध्याकाळी फिरणाऱ्याला मोठे अंक आणि आठवडाभर टिकणारी बॅटरी असलेला साधा पट्टा पुरे. दुकानातून निघण्यापूर्वी तो हातात बांधून मनात मोजत दोनशे पावले चालावे आणि आकडा ताडून पाहावा. दुरुस्ती गावात होते की नाही हेही विचारावे, आणि आपल्या नाडीची नोंद कंपनीकडे जाते हे जाणून फोनवरच्या परवानग्या वाचूनच द्याव्यात. ज्याला रक्तदाब आहे, त्याने मात्र आधी दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घ्यावे. पट्ट्याचे नंतर पाहता येईल.

पट्ट्याचा उपयोग एकच आणि तो मोठा आहे. काल आपण किती चाललो आणि आज किती, हे तो सांगतो. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नये, यंत्र वेगळे असते आणि देहही वेगळा. आपल्या कालच्या आकड्याशी करावी. तेवढ्याने माणूस घराबाहेर पडला, तर पैसे वसूल.