आधी दरडीतले दप्तर वाचा, मग पूररेषा आखा



पूररेषा आखायची वेळ आली की साहेब नकाशा पुढे करतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमचा प्रश्न साधा आहे. नदीचे पाणी मोजायला लागून चाळीस वर्षे झाली असतील, तर शंभर वर्षांतला पूर पाहिला कोणी? तो गणिताने काढतात. गणिताला आमची हरकत नाही. पण नदीने स्वतः लिहिलेले दप्तर काठावर उघडे पडले आहे, ते का वाचत नाही?

हे दप्तर म्हणजे काठाची उभी दरड. बाटलीत शेतातली माती आणि पाणी घालून हलवा, ठेवून द्या. वाळू लगेच तळाला बसते, पोयट्याला तास लागतात, चिकण माती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. नदीचेही तसेच आहे. ओढ असेल तिथे गोटे आणि भरड वाळू, पाणी थबकेल तिथे बारीक वाळू आणि पोयटा. दरडीतला थर चाळून पाहिला की तो बसताना पाण्याला किती ओढ होती याचा अंदाज येतो. कण एकसारखे असतील तर पाण्याने ते निवडून बसवलेले; गोटे, वाळू, चिखल यांची खिचडी असेल तर लोंढ्याने एकदम ओतलेले. (कापसाची प्रत लावणारा ग्रेडर इतका इमानदार असता तर आणखी काय हवे होते!)

ही नुसती कल्पना नाही. नर्मदेच्या खोऱ्यात पुण्याचे विश्वास काळे आणि अमेरिकेतल्या लिसा एली, व्हिक्टर बेकर यांनी हे काम केले, ते १९९६ साली छापून आले. पूर चढला की आडोशाच्या जागी पाणी तुंबते आणि गाळाचा थर ठेवून जाते. थर जितक्या उंचीवर, तिथवर तरी पाणी नक्की आलेले. त्यातल्या कोळशाच्या कणांवरून वय कळते. असा हजारावर वर्षांचा हिशेब लागला. त्यातून दिसले, की मोठे पूर ठरावीक अंतराने येत नाहीत. काही शतके जोराची जातात, काही थंड.

म्हणजे आपली चाळीस वर्षे थंड काळातली निघाली तर रेषा खाली पडते आणि घरे वाहून जातात. जोराच्या काळातली निघाली तर रेषा नको तितकी वर चढते आणि चांगली जमीन बंधनात अडकते. दोन्हीकडून मरण आपलेच.

प्रत्येक नदीला असे दप्तर नसते. पसरट काठावरचे थर पुढचा पूर धुऊन नेतो. पण जिथे आहे तिथे वाळूच्या ठेकेदाराचे पोकलेन ते एका हंगामात फस्त करते, वर काठच्या विहिरींचे पाणीही खाली नेते.

म्हणून मागणी अशी. वाळूचा लिलाव करण्याआधी दरडीची पाहणी व्हावी, थरांची उंची मोजावी, नमुने कृषी विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत चाळावेत आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. पूररेषेवर सही त्यानंतर. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या शिवारात अशी उभी दरड कुठे शिल्लक आहे ते लिहून आणा. स्वतः मात्र खणू नका.