जुलैत मोजलेली मुलं

मी कित्येक वर्षं खोटी हजेरी लावली आहे. पुढचं वाचताना मी कुणाला उपदेश करतोय असं वाटू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा होती. पट 64, शिक्षक तीन. दसरा झाला की गावात ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहायचे. त्यांत गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, चूल, पिठाचा डबा, कोंबड्या, शेळी चढायची. सगळ्यात वर पोरं बसायची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की माझ्यासमोर पंचवीस-तीस मुलं असायची. बाकीची सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर, काही थेट कर्नाटकात, उसाच्या फडात.

नियम असा, की महिनाभराहून जास्त काळ सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरायचं. तसं धरलं की अहवाल द्यावा लागतो, खुलासा द्यावा लागतो, आणि ‘तुमच्या शाळेत इतकी मुलं शाळाबाह्य कशी?’ हे ऐकून घ्यावं लागतं. पट 61च्या खाली आला की तिसऱ्या शिक्षकाचं पद जातं. म्हणून पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी मी त्या मुलांच्या नावापुढे एखादी हजेरी टाकायचो. साखळी तुटायची. मूल फडातच असायचं, पण कागदावर ते शाळाबाह्य नसायचं. हे मला कुणी लेखी शिकवलं नाही. माझ्या आधीचे गुरुजी तसंच करत होते, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही ते ठाऊक होतं. बहुधा तेही कधीकाळी गुरुजीच होते.

ही माझी चूक होती, आणि तिचं ओझं माझ्यावर आहे. पण गेली काही वर्षं पुण्यात राहून लांबून पाहतो, तेव्हा एक गोष्ट छळते. मी एका शाळेत जे करत होतो, तेच राज्य सरकार अख्ख्या महाराष्ट्रात करतं. फरक इतकाच, की मी चोरून करायचो.

4 जुलै 2015 रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं. शिक्षक गल्लोगल्ली हिंडले, स्थानकांवर आणि पालांवर गेले, मोजलेल्या मुलांच्या बोटांना शाई लावली. पुढे 2022 साली ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ निघालं, ते 5 ते 20 जुलै. शिक्षकांची पदं ठरवण्यासाठी पटसंख्या मोजतात ती 30 सप्टेंबरची. या तारखा पुन्हा एकदा पाहा. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि आटोपतो मार्च-एप्रिलमध्ये. जुलैत ऊसतोड कामगार गावात असतो. त्याची पोरं शाळेत, माझ्यासमोर, पहिल्या बाकावर बसलेली असतात. 30 सप्टेंबरलाही असतात. मग ती निघून जातात, आणि ती गेल्यावर त्यांना मोजायला कुणी येत नाही.

ज्या महिन्यात रोग नसतो त्या महिन्यात तपासणी करायची आणि गाव निरोगी असल्याचा दाखला द्यायचा, असा हा प्रकार आहे. हे अज्ञानातून होतं असं मी मानत नाही. हंगाम कधी सुरू होतो, हे या राज्यात मंत्र्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गाळप कोणत्या तारखेला सुरू करायचं, हे ठरवायला मंत्र्यांची समिती बसते.

आता थोडा हिशेब. पहिली ते आठवी म्हणजे आठ वर्षं. हे कायद्याने दिलेलं शिक्षण. दर वर्षी पाच महिने मूल फडात असेल, तर आठ वर्षांत चाळीस महिने झाले. शाळेचं वर्ष सुट्ट्या धरून दहा महिन्यांचं. म्हणजे आठपैकी चार वर्षं गेली. ती एकदम गेली असती तर निदान दिसली असती. ती दर वर्षी दुसऱ्या सत्रात जातात. मूल जूनमध्ये परत येतं तेव्हा वरच्या वर्गात बसलेलं असतं, आणि त्याला गेल्या वर्षीचा भागाकार येत नसतो. माझ्याकडे सहावीत एक मुलगी होती. तिला नोव्हेंबरपर्यंतचे सगळे धडे तोंडपाठ होते. त्यापुढचं पुस्तक कोरं, पानं चिकटलेली. पुढच्या वर्षी ती सातवीत गेली आणि त्या पुस्तकाचाही पहिला अर्धाच भाग मळला. त्यानंतरच्या दिवाळीआधी तिचं लग्न झालं. उसाच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल मिळते ती जोडीवर. घरात वयात आलेला मुलगा असेल आणि शेजारच्या गावात शाळा सुटलेली मुलगी असेल, तर मुकादमाच्या वहीतला हिशेब लग्न जुळवायला पुरेसा होतो. आपण त्याला बालविवाहाची कुप्रथा म्हणतो आणि जनजागृतीच्या फेऱ्या काढतो.

‘आईबापच नेतात, त्याला सरकार काय करणार?’ हा प्रश्न मला पुण्यात नेहमी विचारला जातो. शिकलेली, भली माणसं विचारतात. त्यांना मी इतकंच सांगतो, की पहाटे तीन-चार वाजता बाई फडात जाते आणि मोळ्या वाहून, गाडी भरून संध्याकाळी परतते. कोपीत तान्हं मूल असतं. ते सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण लागते. तिला गावी ठेवायचं तर म्हातारी आजी हवी, आजीला दिसायला हवं, चालता यायला हवं. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर तिला मागे सोडायला आईचा जीव धजत नाही. यात बेजबाबदारपणा कुठे आहे? उचल आधीच घेतलेली आणि खर्च झालेली असते. ती फेडेपर्यंत हे कुटुंब कुठेच मोकळं नसतं.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरत होत्या. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मग अनौपचारिक वर्ग नकोत, मुलं जवळच्या नियमित शाळेत जावीत, असं ठरलं आणि साखरशाळा बहुतेक ठिकाणी बंद पडल्या. तत्त्व बिनचूक होतं. पण नियमित शाळा कोपीपासून दोन-तीन किलोमीटरवर, टोळी दर काही दिवसांनी नव्या फडात, आणि तिथल्या गुरुजींना ही चार महिन्यांची पोरं म्हणजे नसती ब्याद. शिक्षण हमी कार्ड आलं. मी स्वतः लिहून दिलेली कार्डं मला जूनमध्ये पेटीच्या तळाशी, घडी न मोडलेली सापडायची. हंगामी वसतिगृहं आली. ही चांगली योजना आहे, आणि जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे मुलं थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझ्या अनुभवात मंजुरी यायची डिसेंबरात. ट्रक गेलेले असायचे ऑक्टोबरात. मूल गेल्यावर त्याच्या जेवणाची सोय व्हायची.

शिक्षणहक्क कायद्याचं नववं कलम स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचं कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. कोणतं स्थानिक प्राधिकरण? मूल जिथून निघालं तिथलं, की पोचलं तिथलं? बीडची जिल्हा परिषद म्हणते, मूल आमच्याकडे नाही. कोल्हापूरची म्हणते, मूल आमचं नाही. दोघीही खरं बोलतात. मूल मधल्या रस्त्यावर असतं.

आता कोल्हापूरचं नाव निघालंच आहे, तर बोलू. याच कोल्हापुरात 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. त्याच्याही आधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, हे त्यातलं मुख्य गाऱ्हाणं होतं. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. आजचा साखरपट्टा या दोघांची नावं घेतल्याशिवाय एकही सभा सुरू करत नाही.

आणि या साखरपट्ट्याने शिक्षणाचं काम केलंय, यात शंका नाही. सहकारी कारखान्यांच्या धुराड्याखाली शाळा आल्या, महाविद्यालयं आली. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा रस्ता खुला केला, त्यानंतर तंत्रनिकेतनं, वैद्यकीय महाविद्यालयं, इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या. साखरेच्या पैशाने आणि साखरेतून आलेल्या सत्तेने दोन-तीन पिढ्या शिकल्या. त्याचा मला हेवा वाटत नाही, अभिमानच वाटतो. पण त्या साखरेतला ऊस तोडला कुणी? कारखान्याच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला बहुतेक ठिकाणी शिक्षणसंकुलाची पाटी दिसते. फाटकाबाहेर, माळावर, कोप्यांची रांग दिसते. फुल्यांचं गाऱ्हाणं आज कुणाविरुद्ध मांडायचं, एवढाच प्रश्न आहे.

प्रादेशिक असमतोल हा शब्द आपल्याकडे सिंचनाच्या अनुशेषासाठी राखून ठेवलेला आहे. 1984 साली दांडेकर समितीचा अहवाल आला, 2013 साली केळकर समितीचा आला, मधल्या काळात वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. ज्या 371(2) कलमावर ही सगळी इमारत उभी होती, त्यात तंत्रशिक्षण आणि व्यवसायशिक्षणाच्या न्याय्य सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. प्राथमिक शाळेचा नाही. घटनेत ही तरतूद करणाऱ्यांनी गृहीत धरलं असावं, की पहिली ते सातवी तर सगळीकडे होईलच. मराठवाड्याच्या नेत्यांनीही पुढे भांडणं केली ती विद्यापीठासाठी, अभियांत्रिकीच्या जागांसाठी, सत्तर-तीसच्या प्रवेशसूत्राविरुद्ध. तीही हवीत. पण ज्याची चौथीच अर्धी राहिली, त्याला वैद्यकीयच्या राखीव जागेचं काय करायचं?

शिवाय विभागांच्या भाषेतही खरं चित्र लपतं. 2011च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांच्या वर. नागपूर आणि अमरावती जिल्हे त्याहून पुढे, 87-88च्या घरात. मग विदर्भ मागास नाही म्हणायचं? अमरावतीतच मेळघाट आहे. जालना 71 टक्क्यांच्या आसपास, नंदुरबार जेमतेम 64. सरासरी ही माझ्या त्या हजेरीसारखी असते. मधे एक खूण टाकली की साखळी तुटते आणि खड्डा दिसत नाही.

याच काळात सरकारला छोट्या शाळा परवडेनाशा झाल्या. 2017च्या अखेरीस दहाहून कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. 2023 साली वीसहून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तांड्यावरची, वाडीवरची, पाड्यावरची शाळा बंद करून मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यायचं. कागदावर शहाणपणाचं दिसतं. पण ज्या वाडीतली शाळा जाते, तिथल्या आजीजवळ नातीला ठेवण्याचं शेवटचं कारणही जातं. घराशेजारी शाळा असेल तर म्हातारी म्हणते, राहू द्या पोरीला. गाडीने पाच किलोमीटर जायचं म्हटलं की ती पोरीचंही गाठोडं बांधते.

मग करायचं काय? मोठी योजना मी सुचवत नाही. चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली, मुलं जानेवारीत मोजा, आणि फडावर जाऊन मोजा. दुसरी, वसतिगृहाची मंजुरी ऑगस्टात द्या, दसऱ्याला चूल पेटलेली असू दे. तिसरी, स्थलांतराची खरी नोंद करणाऱ्या शिक्षकाचं पद त्या नोंदीमुळे जाणार नाही, अशी लेखी हमी द्या. म्हणजे माझ्यासारख्यांना खोटं लिहावं लागणार नाही. चौथी गोष्ट कारखान्यांची. दर हंगामाला प्रत्येक कारखान्याला साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. कोणत्या टोळीने, कोणत्या गाडीने किती टन ऊस आणला, याची नोंद काट्यावर किलोपर्यंत असते, कारण त्यावर पैसे ठरतात. त्याच टोळीसोबत सहा ते चौदा वयाची किती मुलं आली आणि ती कोणत्या शाळेत बसतात, ही यादी परवान्याची अट करा. ऊस किलोत मोजता येतो, तर पोरं बोटांवर मोजायला काय अडचण आहे?

अडचण आहे, हे मला माहीत आहे. मोजली की ती आहेत हे मान्य करावं लागेल. मान्य केलं की तोडणीचा दर, उचलीची पद्धत, मुकादमाची वही, हे सगळंच उघड्यावर येईल. आईबापाच्या मजुरीत पोरीचे फुकटचे श्रम धरलेले आहेत, म्हणून तो दर परवडतो. ते काढून घेतले तर साखर थोडी महाग होईल. होऊ दे. आजवर तिची उरलेली किंमत कुणी भरली, ते मी पाहिलंय.

त्या सहावीच्या मुलीचं नाव माझ्या हजेरीपटावर तीन वर्षं आहे. दर महिन्याच्या रकान्यात, सव्विसाव्या दिवसाच्या आसपास, माझ्या अक्षरातली एक खूण आहे. त्या दिवशी ती शाळेत नव्हती. आज मला ती खूण पुसायची नाही. ती कुणीतरी तपासावी, एवढंच म्हणणं आहे.