रांगोळीचे ठिपके आणि डेम्लो संख्या

दिवाळीत आमच्या भिवंडीचे माग थांबले, की खडखडाटाला सरावलेल्या आम्हां लोकांना उलट झोप येत नाही. अशाच एका शांत संध्याकाळी भाची अंगणात ठिपके मांडत होती. मधल्या ओळीत नऊ, तिच्या वर आठ, मग सात, असे एकापर्यंत, खालीही तसेच.

"मामा, एकूण ठिपके किती?"

मी बोटे मोडू लागलो तोच ती म्हणाली, "एक्क्याऐंशी! तिरपे पाहा ना, नऊ रांगा आणि प्रत्येकीत नऊ!"

मामांनी हार मानायची नसते. मी तिचेच आकडे खडूने ओळीत लिहिले : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या. आपल्या जुन्या गणनेप्रमाणे 'मध्य' या स्थानापर्यंत गेलेली, परार्धाच्या एकच घर अलीकडे. आणि ती आहे कशाचा वर्ग? १११११११११ चा! वाचकहो, शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडून पाहा. एकेक घर सरकत नऊ ओळी पडतात आणि उभ्या घरांत एक, दोन, तीन असे एकाचे आकडे जमत जातात. नवापर्यंत चढतात आणि पुन्हा उतरतात. रांगोळीच ती! मात्र दहा वेळा एक लिहून वर्ग केलात, तर हातचा येतो आणि ठिपके विस्कटतात : १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांचे नाव आमच्या खाडीपलीकडचे आहे. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, ठाण्याच्या शाळेत शिकलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना त्यांची कल्पना सुचली ती जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर. म्हणून नाव ठेवले 'डेम्लो'. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या आकडेमोडीला पुष्कळ गणितज्ञ पोरखेळ म्हणून हसत. मग १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. आपल्याकडे हे असेच चालते!

"पण मामा, एवढी मोठी संख्या फुटते कशी?"

फोडायची तर वर्गमूळ फोडावे. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिल्याचे अवयव ३ आणि ३७, दुसऱ्याचे ३ आणि ३३३६६७. तेव्हा आपल्या सतरा आकडी संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. हे शेवटचे मात्र पुढे फुटत नाही, कारण ती मूळ संख्या आहे. पण तशी खात्री करून घ्यायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. भाची पाचव्या भागाकारानंतर चकलीकडे वळली.

तिला दोष देता येत नाही. सतरा वेळा एक लिहा. त्या संख्येचे अवयव दोनच, २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. यांचा गुणाकार कोणीही कागदावर करील. पण नुसता गुणाकार हाती देऊन हे दोघे शोधायला सांगितले, तर ओळीने एकेक मूळ संख्या लावून पाहणाऱ्याला दीड लाखाहून अधिक भागाकार करावे लागतील! १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी नेमक्या याच अडचणीवर गुप्तलेखनाची एक रीत उभारली. संगणकावरची पुष्कळ गुपिते आजही तिच्या भरवशावर आहेत. तिची कसोटी म्हणून जाहीर केलेली एक २५० आकडी संख्या २०२० साली फुटली खरी, पण त्या कामाला संगणकाचा एकच गाभा जुंपला असता, तर सुमारे २७०० वर्षे लागली असती. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी जरा घाईच केली, असे मला वाटते.

निजण्यापूर्वी भाचीला मी सोपे गणित घातले : सात वेळा एक, फोडून दाखव. म्हटले, आता चार दिवस मला शांतता.

पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठलो, तो रांगोळीच्या कडेला खडूने लिहिलेले : २३९ × ४६४९. आणि खाली बारीक अक्षरांत, 'बावन्नाव्या भागाकाराला सापडले. मामा, आता आठ वेळा एक तुम्ही फोडा.'