गुडघ्याची गादी ‘उगवून’ घेण्याआधी

आमचं घर काचीगुडा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. नांदेडकडची गाडी लागली की गावाकडचं कुणी ना कुणी दारात उभं राहतं. एका हातात भाकरी-चटणीची पिशवी, दुसऱ्या हातात एक्स-रेचं लांबट पाकीट. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पुढे राज्य बदललं, तरी दुखणं अंगावर काढून थकलं की हैदराबाद गाठायचं, ही रीत देगलूर, बिलोली, उदगीरच्या घराघरांत अजून टिकून आहे. अलीकडे त्या पाकिटाबरोबर एक प्रश्न हमखास येतो. “ताई, गुडघ्याची गादी म्हणे आता आतल्या आत उगवून देतात. खरंय का?”

खरं आहे, पण सगळ्यांच्या गुडघ्यासाठी नाही. एवढा फरक वेळेवर कुणी सांगितला नाही म्हणून माझ्या मावशीचे सोयाबीनच्या पट्टीचे पैसे गेले. मावशी अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. एका दवाखान्यात तिला तीन इंजेक्शनं दिली आणि सहा महिन्यांत नवी गादी येईल असं सांगितलं. सहा महिन्यांनीही ती भिंत धरूनच मोरीपर्यंत जात होती. तिचा जुना एक्स-रे मी ट्यूबलाइटसमोर धरला. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसायला हवी, ती आतल्या बाजूला उरलीच नव्हती. हाड हाडावर टेकलं होतं. तो एक्स-रे इंजेक्शनाच्या आधी काढलेला होता. म्हणजे उत्तर पाकिटातच होतं.

म्हणून ही कळकळीची विनंती आहे. पैसे भरण्याआधी गादी म्हणजे काय आणि ती कुठे उगवू शकते, हे समजून घ्या.

पायाचा रस्सा करायला आणलेलं हाड कधी नीट पाहिलंत का? सांध्याच्या टोकाला निळसर पांढरा, गुळगुळीत, चकाकणारा थर असतो. तीच गादी, म्हणजे कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती बहुतेक ठिकाणी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. नसा नाहीत म्हणून सुरुवातीची झीज दुखत नाही, आणि रक्त पोचत नाही म्हणून जखम भरत नाही. हाताला चिरलं तर आठवड्यात खपली धरते, गादीला चिरलं तर ती चीर तशीच राहते. लंडनच्या विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने एकदा गेलेली कूर्चा परत येत नाही, असं 1743 सालीच लिहून ठेवलं होतं. पाया खाऊनही ती वाढत नाही. पोटात गेलेलं पचतं, ते गुडघ्यात जाऊन बसत नाही.

मग उगवते ती कशी? शेतीतल्या माणसाला हे लगेच कळेल. कापूस लावल्यावर काही ठिकाणी बी उगवत नाही, तिथे आपण नांग्या भरतो. आजूबाजूला पीक उभं असतं, माती शाबूत असते, म्हणून नंतर लावलेलं रोपही जीव धरतं. पण पुराने सगळं रान खरवडून नेलं असेल तर नांग्या कुठे भरणार? तिथे आधी मातीच नसते.

गुडघ्याचंही तसंच आहे. तरुण मुलगा मोटारसायकलवरून पडतो किंवा कबड्डीत गुडघा पिरगळतो, आणि गादीला एका जागी खड्डा पडतो. बाकी गादी चांगली असते. ही झाली नांगी, आणि इथे उपचाराला अर्थ आहे. जुनी पद्धत अशी, की खड्ड्याच्या तळाच्या हाडाला बारीक छिद्रं पाडायची. हाडाच्या मगजातलं रक्त वर येतं, गोठतं आणि त्यातल्या पेशी नवा थर धरतात. अमेरिकेच्या रिचर्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत रुजवली. मात्र तो थर मूळ गादीइतका चिवट नसतो, व्रणासारखा असतो.

दुसरी पद्धत स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. गुडघ्यातल्या कमी भार येणाऱ्या जागेवरून गादीचा लहानसा तुकडा काढतात, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी काही आठवडे वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात लावतात. 1994 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या 23 रुग्णांचा हिशेब छापला. रुग्ण 14 ते 48 वर्षांचे होते. मांडीच्या हाडावरच्या खड्ड्यांत 16 पैकी 14 जणांना चांगला गुण आला, गुडघ्याच्या वाटीमागच्या खड्ड्यांत 7 पैकी फक्त 2 जणांना. पद्धत तीच, पण जागा बदलली आणि निकालही बदलला.

आमच्या हैदराबादेतही शरीरावरच ऊती उगवून दाखवली गेली आहे. ती गुडघ्यात नाही, डोळ्यात. बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. एक डोळा चुन्याने किंवा अ‍ॅसिडने जळाला असेल तर दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेवरून साधारण 2 मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करून जळालेल्या डोळ्यावर पसरायचे. पेशी तिथेच वाढतात, प्रयोगशाळा लागत नाही. 2016 मध्ये त्यांनी 125 डोळ्यांचा हिशेब जगापुढे ठेवला. 95 डोळ्यांत यश आलं, 30 डोळ्यांत नाही. कोणत्या डोळ्यांत अपयशाचा धोका जास्त, तेही लिहिलं. खरा उपचार आपला हिशेब असा उघडा ठेवतो. गुडघ्यासाठीही असाच हिशेब मागा.

आता खरवडलेल्या रानाबद्दल. पन्नाशी-साठीनंतरची सगळ्या सांध्याची झीज म्हणजे नुसता गादीतला खड्डा नव्हे. हाड, आतलं अस्तर, स्नायू असं सगळंच बिघडलेलं असतं. आपल्याच रक्तातून काढलेलं पीआरपीचं इंजेक्शन यासाठी सर्रास दिलं जातं. सिडनी आणि मेलबर्नमध्ये गुडघ्याची झीज असलेल्या 288 जणांवर त्याची कसोटी घेतली. निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना मिठाचं पाणी. 2021 मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दुखण्यात आणि गादीच्या झिजेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मूळपेशींचं, म्हणजे स्टेमसेलचं, सांगायचं तर, बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या इंजेक्शनाला 2022 मध्ये भारतात मान्यता मिळाली आहे, पण ती मध्यम टप्प्यापर्यंतच्या झिजेसाठी. मान्यता त्या औषधाला आहे. ‘स्टेमसेल’ अशी पाटी लावून दिलेल्या प्रत्येक सुईला नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा:

माझ्या गुडघ्यात एका जागी खड्डा आहे, की सगळीच झीज आहे? उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर, आणि गरज असेल तर एमआरआयवर, मला ते दाखवा.

तुम्ही देणार त्या औषधाचं नाव काय? त्याला केंद्राच्या औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? कागद दाखवा.

हा उपचार अजून चाचणीचा भाग असेल तर त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? 2009 पासून अशा चाचण्यांची नोंद देशाच्या नोंदवहीत करावीच लागते, आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. चाचणीतल्या पेशींचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद 2019 च्या नियमांत आहे.

माझ्या वयाच्या, माझ्याइतकी झीज असलेल्या किती जणांना गुण आला आणि किती जणांना नाही?

हे विचारताना संकोच करू नका. “डॉक्टरसाहेबांना कसं विचारायचं?” म्हणत गप्प बसणारी माणसं मी बघितली आहेत, माझी मावशी त्यातलीच. चांगल्या डॉक्टरांना प्रश्नांचा राग येत नाही. उत्तराऐवजी “आजच भरलं तर सूट” असं ऐकू आलं, तर उठून घरी या.

तरुण मुलांच्या आईवडिलांना वेगळं सांगणं आहे. पोराचा गुडघा अपघातानंतर सुजत असेल, मध्येच अडकत असेल, तर तेल चोळत वर्ष घालवू नका. नांगी वेळेवर भरायची असते. मात्र शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे कुबड्या आणि महिनोन्‌महिने व्यायाम लागतो. तेवढी तयारी ठेवूनच होकार द्या.

आणि ज्यांची झीज झाली आहे त्यांनी निराश होऊ नये. शरीराचं वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. खुर्चीत बसा, एक पाय सरळ करा, मांडी घट्ट आवळून पाच अंक मोजा, पाय खाली ठेवा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो उचलतो. सांधा अगदीच गेला असेल तर बदलण्याची शस्त्रक्रिया आहे, तिच्यामागे अनेक दशकांचा अनुभव आहे. 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादाही घातली.

मावशी आता रोज सकाळी ओट्यावर बसून हा पायाचा व्यायाम करते. गादी आलेली नाही, पण मोरीपर्यंत ती भिंत न धरता जाते. एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी एक पैसाही लागला नाही.

पाकीट घेऊन हैदराबादला जरूर या. फक्त पावती फाडण्याआधी तो एक्स-रे उजेडात धरून कुणा जाणत्याला दाखवा. आधी रान बघायचं, मग बी घ्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.