गृध्रसी : शस्त्रक्रिया टळली, श्रेय कोणाचे?

‘नस दबली आहे, ऑपरेशन सांगितले आहे, ते टळेल का?’ एमआरआयचा लखोटा घेऊन आलेल्या रुग्णाचा हा प्रश्न प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रिया टळते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तथापि या यशाचे श्रेय घेताना आपण पुरेसे सावध आहोत काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

चरकाचार्यांनी गृध्रसीचे वातज व वातकफज असे दोन भेद सांगून सिराव्यध, बस्ती व अग्निकर्म हे उपक्रम निर्देशिले. पाय उचलण्यास होणारा प्रतिबंध सुश्रुताचार्यांनी नोंदविला. पाय सरळ उचलून आज केली जाणारी परीक्षा त्याच लक्षणाची आहे. मणक्यांमधील चकती सरकून नाडीमूळ दबते व वेदना पायात उतरते, ही उपपत्ती मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 1934 साली प्रस्थापित केली. चकतीचा बाहेर आलेला भाग अनेक रुग्णांत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, हे पुढे स्पष्ट झाले.

नेदरलँड्समध्ये तीव्र गृध्रसीच्या 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. एका गटास लवकर शस्त्रक्रिया, तर दुसऱ्यास आधी शस्त्रक्रियेविना उपचार अशी योजना होती. दुसऱ्या गटातील 39 टक्के रुग्णांवर अखेरीस शस्त्रक्रिया करावी लागली. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झाले होते. पहिल्या गटाची वेदना लवकर शमली, एवढाच ठळक भेद राहिला. यात आयुर्वेदीय चिकित्सा नव्हती, हे ध्यानात घ्यावे. ‘आमच्या औषधाने शस्त्रक्रिया टळली’ हे विधान म्हणूनच पुराव्यावाचून करता येत नाही.

मग आपल्या चिकित्सेचे प्रयोजन काय? हाच आक्षेप मैत्रेयाने चरकसंहितेच्या महाचतुष्पाद अध्यायात घेतला आहे. चिकित्सेवाचूनही काही जण बरे होतात, मग चिकित्सा हवी कशाला? आत्रेयांचे उत्तर असे की, पडलेला मनुष्य स्वबळावर उठू शकत असला तरी हात दिल्यास तो लवकर व कमी क्लेशाने उठतो. आपले श्रेय आहे ते या हाताचे. वेदना किती दिवसांत घटली, रुग्ण कामावर केव्हा परतला, वेदनाशामक गोळ्या किती कमी झाल्या, हे त्याचे मोजमाप. पहिल्या दिवशी, सहाव्या आठवड्यात व तिसऱ्या महिन्यात पाय उचलण्याचा कोन आणि 0 ते 10 या श्रेणीतील वेदनेचा अंक लिहून ठेवण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

त्याच अध्यायात साध्यासाध्य न जाणता चिकित्सा करणाऱ्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी सांगितली आहे. येथे तर हानी रुग्णाच्या आयुष्याची होते. मूत्र अडणे, मलमूत्राचे नियंत्रण सुटणे, गुद व जननेंद्रियाभोवती बधिरता येणे, दोन्ही पायांत दौर्बल्य वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास बस्तीची तयारी न करता रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पाऊल लोंबकळू लागल्यासही विलंब नको. ज्वर, अकारण वजन घटणे वा कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास निदानाचा फेरविचार करावा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यास अग्निकर्म, वा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास सिराव्यध करताना शतवार विचार व्हावा.

औषधविक्रेत्या बंधूंचे दायित्वही लहान नाही. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांत कुचला आहे. तो औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधील अनुसूची ई(1) मध्ये येतो, आणि अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. असे असता जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने या गोळ्या नेणारा रुग्ण काउंटरवर अडविला जात नाही. ‘लघवीस त्रास आहे का? पाय लुळा पडतो का?’ एवढे दोन प्रश्न विचारून त्यास वैद्याकडे परत पाठविणे सहज शक्य आहे.

शस्त्रक्रिया टाळणे हे आपले ध्येय नव्हे. रुग्णाचे पाय सुरक्षित राखणे हे ध्येय आहे. योग्य वेळी शस्त्रक्रियेस पाठविलेला रुग्णही आपल्या यशातच गणला जावा, आणि त्याचीही नोंद आपल्या वहीत व्हावी.